शब्दचर्चा: 'अनाथ' लिहावं की आणखी काही?

प्रश्न: एका परदेशी संस्थेच्या अर्जाचं मराठी भाषांतर करतोय. संस्था मेळघाट आणि यवतमाळकडच्या गावांत मुलांना मदत करते. मूळ मजकुरात 'पॅरेंटल केअर नसलेली मुलं' असं आहे, आधीच्या मसुद्यात सगळीकडे 'अनाथ' केलंय. राहू द्यावं का?

उत्तर: नका राहू देऊ. 'अनाथ' हा आता कायद्याचा शब्द आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये त्याची व्याख्या आहे आणि राज्यात २०१८ पासून अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. अर्जात तो सैल हाताने वापरला की पुढे लेकराच्याच कागदपत्रांचा घोळ होतो.

शिवाय तुमच्या मूळ शब्दाचा आवाका वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, कारण काहीही असो, रात्री आई-वडिलांपैकी एकाच्याही सांभाळात नसलेलं मूल यात येतं. म्हणजे मायबाप सोयाबीनच्या सोंगणीला बाहेरगावी गेलेत आणि लेकरू आजीजवळ आहे, तर तेही या शब्दांत बसतं. उलट कर्जापायी बाप गेला पण माय घरी आहे, ते बसत नाही. त्याच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, ती एक पालक असलेल्या मुलांनाही मिळते. आपल्या भागात अशी घरं किती, हे सांगायला नको. त्यांना चुकीच्या रकान्यात टाकू नका.

प्रश्न: मग 'पालकांच्या काळजीविना'?

उत्तर: त्यातून आई-बापांना काळजीच नाही असा अर्थ निघतो. हे त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. 'देखभाल'ही नको, ती इमारतीची, मोटारपंपाची. लेकराचा सांभाळ होतो. 'आई-वडिलांच्या सांभाळाविना असलेली मुले' असं लिहा.

दुसरं उत्तर: सहमत. 'पोरकं'ही टाळा, त्यात कीव आहे. आमच्याकडे एका आजीने अर्ज भरणाऱ्याला सरळ विचारलं होतं, "तिले अनाथ कायले लिहता? मी जित्ती हाओ ना!" ऑस्ट्रियात इम्स्टला हेरमान ग्मायनर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या 'एसओएस' या मुलांच्या संस्थेच्या गावांना आपल्याकडे 'बालग्राम' म्हणतात. तिथे घर आहे, घरात सांभाळणारी आई आहे. नावात कुठे उणेपणा नाही, म्हणून तो शब्द मला फार आवडतो.

'वडिलांचे नाव' हा रकानाही सक्तीचा ठेवू नका. अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी (२०२४ चे पद्मश्री) टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं. सगळ्यांच्या नशिबी असे बाबा नसतात. त्याऐवजी 'मूल सध्या कोणाजवळ राहते?' आणि 'त्यांचे मुलाशी नाते' असे दोन रकाने करा. अंगणवाडीताई वाचून दाखवतील तेव्हा आजीला पुन्हा समजावून सांगावं लागणार नाही.