रात्री पिकअप मागे घेण्यासाठी जादा दिवे बसवायचे आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी बेळगावच्या पश्चिमेकडील एका गावात राहतो. भाजीपाला वाहण्यासाठी घरची एक पिकअप गाडी आहे आणि तिच्या मागच्या उजेडाबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. गोव्याला जाणारा माल जांबोटी-चोर्ला मार्गे सकाळच्या बाजाराला पोहोचावा म्हणून भराई पहाटेच्या आधी, पूर्ण अंधारात करावी लागते. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत गाडी वळवण्याइतकी जागा नाही. त्यामुळे तोंड रस्त्याकडे ठेवून ती उलटी आत न्यावी लागते. पाणंदीच्या एका अंगाला बांध आहे आणि दुसऱ्या अंगाला पावसाचे पाणी काढून देणारी चर आहे. गवत वाढल्यावर ही चर दिवसासुद्धा चटकन दिसत नाही, मग रात्रीची गोष्टच वेगळी.

गाडीला कंपनीकडून आलेला रिव्हर्सचा दिवा एकच आहे आणि तोही उजव्या बाजूला. त्याच्या बल्बवर १२ व्होल्ट, २१ वॅट असे कोरलेले आहे. दिवा बिघडलेला नाही, काचही स्वच्छ आहे. परंतु त्याचा उजेड गाडीच्या मागे थोड्या अंतरावर पसरून विरतो आणि चर ज्या डाव्या बाजूला आहे तिकडे जवळजवळ काहीच पडत नाही. मागे कॅमेरा बसवून पाहावा, असे अनेक जण सुचवतात. मात्र कॅमेऱ्यालाही दिसण्यासाठी उजेड लागतोच, आणि पावसाळ्यात आमच्याकडची तांबडी माती काचेवर उडाली की पडद्यावर काय दिसणार, हे सांगायला नको. आरशात पाहून आणि खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी मागे घेण्याची सवय आहे, तीच मोडू नये असे मला वाटते.

मी तीन मार्गांचा विचार केला आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब बसवणे. वायरिंगला हात लावावा लागत नाही आणि विजेचा भारही कमी होतो. परंतु माझी अडचण उजेड कमी असण्यापेक्षा तो चुकीच्या जागी पडण्याची आहे. उजवीकडचा दिवा कितीही प्रखर केला तरी डावीकडची चर अंधारातच राहील, असा माझा समज आहे. दुसरा मार्ग म्हणजे डाव्या बाजूला तसाच दुसरा दिवा बसवणे. तिसरा मार्ग म्हणजे हौद्याच्या खाली, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या फळीच्या) दोन्ही कोपऱ्यांजवळ, पसरट उजेड देणारे १८ वॅटचे दोन चौकोनी एलईडी दिवे लावणे. माझा कल या तिसऱ्या मार्गाकडे आहे. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर असे दिवे निपाणी-चिकोडीकडे सर्रास दिसतात आणि ते धुळीत, चिखलात टिकतात.

अडचण वायरिंगची आहे. एका वायरमनने रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीलाच दोन्ही नवे दिवे जोडून देतो असे सांगितले. सध्याचा २१ वॅटचा बल्ब साधारण पावणेदोन अँपिअर घेतो. त्यात ३६ वॅटचे, म्हणजे आणखी सुमारे तीन अँपिअर मिळवले तर मागचा गिअर टाकताच दिवा पेटवणाऱ्या, गिअरबॉक्सवरच्या छोट्या स्विचमधून पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक प्रवाह जाईल. तो स्विच आणि ती बारीक वायर हे सोसतील का, याची मला शंका आहे. रिले (थोड्या विजेवर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालावा असे वाचले आहे; तो नेमका कोठे बसवावा आणि कोणत्या वायरीवरून चालवावा, हे कृपया कोणी सविस्तर सांगावे.

शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. गाडी केए २२ क्रमांकाची असली, तरी शिनोळीवरून चंदगडकडे आणि चोर्ल्यावरून गोव्यात तिची नेहमी ये-जा असते. म्हणजे तीन राज्यांच्या पोलिसांसमोरून ती जाते. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध मोहीम उघडली होती, त्यामुळे हा विषय मी हलक्यात घेऊ इच्छित नाही. मागे पांढरा जादा दिवा लावणे मुळात चालते का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

साहेब, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी उद्यमबागेत गाड्यांच्या विजेचे काम करतो, म्हणून आधी वायरिंगचे सांगतो.

आपली शंका रास्त आहे. रिव्हर्सच्या वायरीला थेट जोड देऊ नका. अनेक गाड्यांत त्या वायरीचा फ्यूज इतर गोष्टींनाही सामाईक असतो. चिखलात एखादा दिवा शॉर्ट झाला तर त्याच्यासोबत भलतेच काहीतरी बंद पडेल. बाजारात सहज मिळणारा १२ व्होल्टचा, चार पायांचा रिले घ्या. त्याच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीच्या धन टोकावरून वायर आणा आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच १० अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूज मागे, दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते, आणि नेमकी तीच चासीच्या कडेला घासते. ८७ वरून वायर दिव्यांकडे जाईल. ८६ ला जुन्या रिव्हर्सच्या दिव्याची वायर द्यायची आणि ८५ चासीला जोडायचा, म्हणजे ‘अर्थ’ करायचा. रिलेची गुंडाळी अर्ध्या अँपिअरपेक्षाही बरीच कमी वीज घेते, त्यामुळे गिअरबॉक्सच्या स्विचला जादा भार जाणवतसुद्धा नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतलीत तर बॅटरीपासून मागेपर्यंत जेमतेम पाव व्होल्ट पडेल. अर्थ मात्र रंग खरवडून, चासीच्या उघड्या लोखंडावर घट्ट बोल्टने घ्या आणि वरून ग्रीस लावा. दिवे मिणमिणण्याची बहुतेक प्रकरणे माझ्याकडे येतात ती खराब अर्थमुळेच.

आता कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ तिन्ही राज्यांत सारखेच लागू आहेत. त्यांतील नियम १०८ नुसार वाहनाच्या मागे तांबड्याशिवाय दुसरा उजेड दाखवता येत नाही. मात्र गाडी मागे घेतानाच्या पांढऱ्या उजेडाला त्यातून सूट आहे. याचा अर्थ असा की गिअर मागचा असतानाच दिवा पेटला पाहिजे. काही जण वेगळे बटण लावून असे दिवे पुढे धावतानाही चालू ठेवतात, मागच्याने अपर (प्रखर झोत) मारला की सूड म्हणून. तो सरळसरळ गुन्हा आहे आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीवही त्यात जाऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४८ मध्ये सहा मीटरपर्यंतच्या मालवाहू गाडीला एक रिव्हर्स दिवा आवश्यक आणि दुसरा ऐच्छिक मानला आहे, आणि त्याची उंची जमिनीपासून २५० ते १२०० मिलिमीटर ठेवली आहे. त्या मापाने पाहिले तर तुमचा एक जुना आणि दोन नवे असे मिळून तीन होतात, म्हणजे एक जास्तच. कायद्याविरुद्ध फेरबदल केल्यास मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून माझे मत असे, की चौकोनी दिवा एकच घ्या आणि तो डाव्या कोपऱ्याला लावा. चर त्याच बाजूला आहे, उजवीकडे जुना दिवा आहेच. शक्य असेल तर आरटीओ कार्यालयात आधी विचारून घ्या. तोंडी होकारापेक्षा लेखी बरा.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. फक्त फाळका खाली सोडला की त्याच्यामागे दिवा झाकला जाणार नाही ना, हे जागा ठरवण्याआधी तपासा. भरताना फाळका उघडाच असतो आणि उजेडाची गरजही तेव्हाच असते. तसेच अगदी निळसर पांढरा दिवा घेऊ नका. ओल्या तांबड्या मातीवर आणि कणकुंबीकडच्या धुक्यात किंचित पिवळसर उजेड डोळ्यांना सोसतो व खड्डेही अधिक ओळखू येतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डावीकडे एकच दिवा लावण्याची सूचना मला पटली. दोन दिव्यांचा हट्ट मी सोडतो. फाळक्याचा मुद्दा तर माझ्या लक्षातच आला नव्हता. आता दिवा चासीच्या टोकाला, फाळक्याच्या बिजागरीच्या बाहेरच्या अंगाला लावता येईल असे दिसते. तेथे उंची साधारण ६० सेंटिमीटर मिळते. दोन शंका उरल्या आहेत. दिव्याचे तोंड किती खाली वाकवावे? आणि गाडी रिकामी असताना मागून उचललेली असते, भरल्यावर पाटे दबून खाली बसते, तर रोख कोणत्या स्थितीत ठरवावा?

प्रतिसाद १

रोख रिकाम्या गाडीवरच ठरवा. तुम्ही पाणंदीत उलटे शिरता ते रिकामी गाडी घेऊनच. भरल्यावर मागची बाजू बसली तर उजेड आणखी जवळ पडेल, त्याने कोणाचे डोळे दिपणार नाहीत. उलट भरलेल्या गाडीवर रोख लावलात तर रिकामी झाल्यावर तो मागच्याच्या डोळ्यांत जाईल.

६० सेंटिमीटर उंचीवर उजेडाचा मध्य तीन मीटरवर जमिनीला टेकवायचा तर दिवा सुमारे ११ अंश खाली झुकवावा लागतो. कोनमापकाची गरज नाही. गाडी सपाट जागी उभी करा, डाव्या मागच्या कोपऱ्यापासून तीन मीटरवर विटेचा तुकडा ठेवा, आणि अंधारात उजेडाचा सर्वांत प्रखर भाग त्यावर येईपर्यंत दिवा वाकवून बोल्ट आवळा. मग तोंड थोडे बाहेरच्या बाजूला, चरीच्या अंगाला फिरवा. बोल्टला स्प्रिंग वॉशर घाला, नाहीतर आपल्या रस्त्यांवर आठवड्यातच दिवा मान टाकेल. सगळे झाल्यावर इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून मागचा गिअर टाका आणि रिलेचा ‘टक्’ आवाज येतो का ऐका; गिअर काढताच दिवा विझला पाहिजे.