मदत हवी आहे: चौदा वर्षांचा फ्रिज, मेकॅनिक म्हणतो गॅस संपला. दुरुस्त करू की नवीन घेऊ?

नमस्कार मंडळी,

फ्रिजवर धागे आधी येऊन गेलेत माहितीये, वाचलेत पण, पण तिथे सगळे मोठे दोन-तीन दारवाले आणि माझा प्रश्न १९० लिटरच्या एका दाराच्या साध्या फ्रिजचा, म्हणून वेगळा धागा काढतेय, चिडू नका.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब आणि किचन पश्चिमेला. नाशिक थंड, नाशिक थंड म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये दुपारी चारला आमच्या ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटून दाखवाव्यात. घरात माणसं पाच. त्यात सासूबाई, ज्यांचा त्या फ्रिजवर माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे कारण तो त्यांनी भिशीच्या पैशातून घेतलेला.

तर झालंय असं की वर फ्रीजरमध्ये बर्फाचा नुसता डोंगर, बर्फाचा ट्रे असा चिकटलाय की निघत नाही, आणि खाली ठेवलेलं दूध संध्याकाळी तापवलं की फाटतंय. परवा दोन लिटर गेलं, पनीर केलं, पण रोज कोण खाणार पनीर. द्राक्षं दोन दिवसात मऊ पडतायत. कॉम्प्रेसर घुं घुं करत थांबतच नाही, आधी मध्ये मध्ये बंद व्हायचा, आता रात्री दोनला उठलं तरी चालूच.

मेकॅनिक बोलावला. दार उघडलं, मागे हात लावला, दोन मिनिटात निकाल: "ताई गॅस संपला, साडेतीन हजार लागतील, पण एवढ्या जुन्यात गॅरंटी नाही देत मी, त्यापेक्षा नवीनच घ्या, ओळखीचं दुकान आहे." तपासायचे दोनशे घेतले ते वेगळेच.

गॅस भरावा का, की नवीन घ्यावा, घेतला तर एक दाराचा की फ्रॉस्ट फ्री, आणि इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे लाईट गेल्यावर पण चालतो का? (हसू नका, सासूबाईंचा प्रश्न आहे. बरं, माझाही आहे.)

प्रतिसाद १

चौदा वर्षं झाली ना, मग काढा की आता. पैसे वसूल झाले.

प्रतिसाद २

ताई, तीसेक वर्षं फ्रिज दुरुस्तीच केली, आता गुडघ्यांमुळे बंद आहे. घाई करू नका.

गॅस संपला हे वाक्यच चुकीचं. फ्रिजचा गॅस म्हणजे सिलेंडरचा गॅस नाही रोज जळून संपायला, तो नळीत बंद असतो आणि फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता नुसता भरला तर साडेतीन हजार हवेत. दुसरं म्हणजे गॅस कमी झाला की फ्रीजरमध्ये बर्फ एका कोपऱ्यात धरतो, बाकी पत्रा कोरडा. तुमच्याकडे डोंगर आहे म्हणताय. सगळीकडून सारखा जाड असेल तर बहुतेक गॅस ठीक आहे आणि बाहेरची दमट हवा आत शिरतेय. म्हणजे दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट लागली पाहिजे, अलगद आली तर तिथून हवा जातेय. चारही बाजूंनी करा, बिजागरीकडे पण.

आणि तो बर्फच गारवा खाली येऊ देत नाही, जाड बर्फ म्हणजे फ्रीजरला घातलेली गोधडी समजा. पाव इंच झाला की काढायचा. नॉबच्या मधलं बटण दाबा, नाहीतर सरळ प्लग काढून दार उघडं ठेवा. सुरी, कालथा काही लावायचं नाही, पत्र्याच्या आतच नळी आहे, एक भोक पडलं की मग मात्र खरंच गॅस संपला.

मागची काळी जाळी भिंतीपासून किती लांब आहे? आतली गरमी ती बाहेर टाकते. चार बोटं तरी जागा पाहिजे, आणि शेगडीच्या शेजारी नको. नॉब कितीवर आहे तेही सांगा.

धागाकर्ती

काका (काकाच म्हणते), खूप आभार. आज रविवार म्हणून सगळं केलं, वाचा आणि आम्हाला काय म्हणायचं ते म्हणा.

बर्फ सगळीकडून सारखा होता, दोन बोटं जाड. नोट वर आणि बिजागरीकडे घट्ट, पण खालच्या कोपऱ्यात आपोआप गळून पडली, ओढायची पण गरज नाही. रबराच्या घडीत काळी बुरशी आणि वाळलेलं आमरस, म्हणजे मागच्या वर्षीचं असणार, यंदा अजून आंबा आणला नाहीये. नॉब सातावर, कारण गार होत नाही म्हणून मीच वाढवत नेला. मागची जाळी भिंतीला टेकलेली आणि तिच्यावर धुळीची चादर.

आणि खरी गंमत आत. सासूबाईंनी प्रत्येक कप्प्यावर प्लास्टिकच्या फुलाफुलांच्या मॅट अंथरल्यात, कडेपर्यंत, डाग पडू नयेत म्हणून.

मागे कॉम्प्रेसरवर पाण्याचा ट्रे असतो हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. काढला तर त्यात पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. पावसाळ्यात डेंग्यूची तपासणी करायला येतात ते लोक कुंड्या, कूलर बघून जातात, आणि आम्ही घरातच डास पाळलेले.

प्रतिसाद २

मॅट काढा आधी! एक दाराच्या फ्रिजमध्ये आत पंखा नसतो, वरची गार हवा जड म्हणून आपोआप खाली उतरते, त्यासाठीच कप्प्याला जाळी असते. ती तुम्ही झाकली, मग दूध गार होणार कसं.

रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, मग वाकलेल्या कोपऱ्याला गरम पाण्याचा फडका धरून बोटांनी सरळ करा, कधी कधी परत बसतं. नाही बसलं तर नवीन बसवा, मॉडेल नंबर घेऊन जा. नॉब सातावर ठेवून लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त बंद व्हायचा विसरतो. उन्हाळ्यात चार, आणि थंडीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा दोन पुरे. ट्रे आठवड्याला रिकामा करून घासायचा.

प्रतिसाद ३

इन्व्हर्टर फ्रिज म्हणजे लाईट गेल्यावर चालणारा नाही ताई, घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. त्यातला कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरतो, एवढंच. वीज वाचते, आवाज कमी.

पुढे घ्यायचा झाला तर नुसते स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते बघा, आणि लेबल कुठल्या वर्षांचं आहे तेही, कारण निकष कडक होत जातात, जुना पाच स्टार आजचा पाच स्टार नसतो. आतल्या स्टिकरवर क्लायमेट क्लास असतो, तिथे टी पाहिजे, तो ४३ डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी असतो. नुसतं एसटी असेल तर ३८ पर्यंतच, तुमच्या त्या किचनला पुरणार नाही. पाच माणसांना अडीचशे-तीनशे लिटर, म्हणजे फ्रॉस्ट फ्रीच. बर्फ काढायची कटकट नाही, पण आत पंखा असल्याने भाजी उघडी ठेवली की सुकते, कोथिंबीर डब्यात ठेवा. आणि तुमच्याकडे तासन्‌तास लाईट जात असेल तर साध्या फ्रिजमधला बर्फ गारवा जास्त वेळ धरतो, हेही लक्षात घ्या.

धागाकर्ती

अपडेट. गरम फडक्याने कोपरा दोन दिवस राहिला आणि परत वाकला, म्हणून नवीन रबर बसवलं, सातशे रुपये, मेकॅनिक दुसरा. फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला, जाळी जुन्या ब्रशने झाडली, नॉब चारवर. मधल्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवला, सकाळी ४ डिग्री. दूध दुसऱ्या दिवशीही चांगलं, कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो आणि इतकं शांत वाटतं की पहिल्या रात्री मी घाबरून उठून दिवा लागतो का बघितलं.

नवीन आता दिवाळीला बघू. तोपर्यंत एक अडचण आहे, यावर कोणाकडे इलाज असेल तर सांगा. मॅट सासूबाईंनी टाकू दिल्या नाहीत, धुऊन, वाळवून, घडी घालून फ्रिजवरच ठेवल्यात, म्हणतायत नवीन आला की त्यात होतील.