जुन्या फ्रेंच खानावळीतलं जेवण : तुमचे अनुभव सांगा

फ्रान्समध्ये पॅरिस सोडलं की प्रांतागणिक ताट बदलतं. तिकडच्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या ठिकाणी जेवला असाल तर लिहा. आवडलेलं लिहा, न आवडलेलंही.

आईला घेऊन मी स्ट्रासबर्गला गेले होते. कॅथेड्रलच्या शेजारीच मेझाँ कामरझेल आहे. घर 1427 चं, आजचं लाकडी रूप 1589 चं. खिडक्यांभोवतीचं कोरीवकाम बघत आम्ही कितीतरी वेळ बाहेरच उभ्या होतो. मागवलं शूक्रूत, म्हणजे बारीक चिरून मिठात आंबवलेला कोबी. अल्सासमध्ये, म्हणजे स्ट्रासबर्गच्या प्रांतात, एरवी तो डुकराचं मांस आणि सॉसेजबरोबर वाढतात. इथे तीन प्रकारच्या माशांबरोबर मिळतो. आंबवलेला म्हटल्यावर आई जरा बिचकली होती. पहिल्या घासाला म्हणाली, "अगं, हा तर लोणच्यासारखा मुरलाय!" मासे राहिले बाजूला, आधी कोबी संपला.

——

ताई, अल्सासला जाऊन बेकेऑफ नाही खाल्लं? गाय, मेंढी, डुक्कर, तिन्ही मांसं पांढऱ्या वाइनमध्ये रात्रभर मुरवतात आणि बटाट्याच्या चकत्यांबरोबर मातीच्या भांड्यात रचतात. झाकणाच्या कडा कणकेने लिंपतात, दम बिर्याणीला लिंपतो तशाच. सोमवार धुण्याचा दिवस, म्हणून बायका सकाळीच भांडं पाववाल्याच्या भट्टीत ठेवून जायच्या, असं तिकडे सांगतात. आमच्यासमोर ती कणीक फोडली तेव्हाचा वास अजून नाकात आहे.

——

ल्योंमधलं एक बुशाँ, म्हणजे तिथली पारंपरिक छोटी खानावळ. आंदुयेत काय असतं हे न विचारता मागवलं. डुकराच्या आतड्यांचं सॉसेज निघालं. वजडी मी आवडीने खातो, पण तो वास झेपला नाही. अर्धं ताट परत गेलं याचं फार वाईट वाटलं. केनेल मात्र जरूर खा : पाइक माशाचे हलके, लुसलुशीत मुटके, वर क्रेफिशचा सॉस.

आणि ल्योंच्याच रू रॉयाल या रस्त्यावरचं 'ला मेर ब्राझिए' रेस्टॉरंट. शेतावर राबलेल्या, शाळा धड न झालेल्या युजेनी ब्राझिएने 1921 साली ते काढलं. 1933 मध्ये तिच्या दोन रेस्टॉरंटना प्रत्येकी तीन मिशलँ तारे, म्हणजे मिशलँ (मिशेलिन) गाइडचा सर्वोच्च मान, मिळाले. जेवण खिशाला परवडलं नाही तरी तो दरवाजा बघून या.

——

आम्ही शाकाहारी. ल्योंत आम्हाला 'सेर्वेल द कान्यू'ने तारलं. नावाचा अर्थ 'रेशीम विणकराचा मेंदू', पण असतं चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात लसूण, बारीक कांदा, हिरवी पात आणि व्हिनेगर. पावाबरोबर दोघांनी वाडगा संपवला आणि दुसरा मागवला. आता सासूबाई घरच्या चक्क्याचं तेच करतात, भाकरीबरोबर.