दुसऱ्यांदा फाटलेल्या खांद्याला सरसकट ग्राफ्ट? अजिबात नाही

गंगापूररोडकर: काल इथे एकाने ठणकावून लिहिलंय, ‘कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचं आवरण) पुन्हा फाटला की ग्राफ्टशिवाय (वरून शिवलेल्या ठिगळाशिवाय) पर्याय नाही, नुसते टाके घालणारे डॉक्टर जुनाट.’ असले सल्ले वाचून लोक कर्ज काढतात हो! सुप्रास्पायनॅटसमध्ये, म्हणजे हात वर उचलणाऱ्या स्नायूत, चरबी भरली, त्याला हाडाशी जोडणारी दोरी (कंडरा) पार आत सरकली, तर वर कुठलाही पॅच शिवा, हात ओढणार कोण? रिपोर्टवर गूटालिए ग्रेड (स्नायूत किती चरबी भरली त्याची पायरी) ३-४ आहे का ते आधी बघा. शिवाय ग्राफ्ट-ग्राफ्टमध्ये फरक आहे. डुकराच्या आतड्यापासून केलेला पॅच अमेरिकेत वापरून झाला. काहींचे खांदे जंतुसंसर्ग नसताना सुजले, निकाल वाईट आले. माणसाच्या त्वचेचा ग्राफ्ट त्यापेक्षा बरा ठरला, तोही निवडक रुग्णांत. पहिला टाका का सुटला ते शोधा: साखर, सिगारेट की घाईने उचललेला हात?

सातपूर_सेकंड_शिफ्ट: माझ्या वडिलांचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, सहा महिन्यांत परत फाटलं. दुसऱ्या वेळी मांडीतली पट्टी काढून खांद्यात बसवली. आज स्वतः केस विंचरतात, वरच्या फळीवरचा डबा काढतात. तुमचे ग्रेड ठेवा तुमच्यापाशी!

गंगापूररोडकर: दादा, वडिलांना आराम पडला, मानलं. पण ते कफ शिवणं नव्हे. जपानचे शल्यचिकित्सक मिहाता यांनी २०१३ मध्ये मांडलेली ती पद्धत. ज्यांचा कफ शिवताच येत नाही त्यांच्यासाठी खांद्याच्या वाटीपासून दंडाच्या हाडापर्यंत पट्टी ताणतात, म्हणजे हाड वर सरकत नाही. त्यालाही सांधा झिजलेला नसावा आणि खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू धड असावा लागतो. म्हणजे रुग्ण निवडूनच करतात. मी वेगळं काय म्हणतोय?

निफाडकरीण: तुमचं दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा चालू द्या. पेठ-सुरगाण्याहून आमच्याकडे द्राक्षबागांत मजुरांच्या टोळ्या येतात. त्यातल्या बाया विरळणीला (घडातले जादा मणी कापायला) दिवसभर वेलींच्या मांडवाखाली मान वर, कात्रीचा हात डोक्याच्या वर धरून उभ्या असतात. संध्याकाळी एकीला पदर खांद्यावर घेता येत नव्हता, दुसऱ्या हाताने उचलून घेतला. तिचा एमआरआय कोण काढणार? वेल इंग्रजी Y आकाराच्या आधारावर चढवतात त्या वाय पद्धतीत घड छातीसमोर येतात, पण बागाईतदारांना मांडवच हवा.

पिंपळगाव_द्राक्ष: ताई, सरसकट बोलू नका. मांडवाखाली घडाला सावली मिळते, माल भाजत नाही. उभा मांडव मोडून अँगल-तारा नव्याने घालायला पैसा कोण देणार, तुम्ही? माझाही खांदा जातो छाटणीत, मी रडत बसत नाही.

निफाडकरीण: तुम्ही चार दिवस छाटणी करता, त्या अख्खा हंगाम. रडायचा प्रश्नच नाही, मजुरी बुडते म्हणून त्या बोलतच नाहीत.

पिंपळगाव_द्राक्ष: बरं, अर्ध्या-अर्ध्या दिवसाने काम बदलून देता येईल, तेवढं मान्य. मांडव मोडणार नाही.

फिजिओ_नाशिकरोड: द्राक्षांवरून भांडण संपलं असेल तर ऐका. पुन्हा फाटण्याच्या बहुतेक घटना पहिल्या काही महिन्यांतच होतात. ग्राफ्ट असो नसो, चार ते सहा आठवडे हात गळ्यात अडकवायचा पट्टा आणि जोराचा व्यायाम तीन महिन्यांनंतरच. माझ्याकडे येणारे लोक पंधराव्या दिवशी पट्टा काढून स्कूटर चालवतात. आणि गंगापूररोडकर, पुन्हा फाटलं म्हणजे सगळं वाया, असंही नाही. गॅलाट्झ या शल्यचिकित्सकांच्या २००४ च्या अभ्यासात मोठ्या फाटीच्या १८ पैकी १७ खांद्यांत फाट परत दिसली, तरी पहिल्या वर्षात बहुतेकांचं दुखणं कमी होतं. म्हणून स्कॅन बघून लगेच दुसऱ्या ऑपरेशनला पळू नका.

सातपूर_सेकंड_शिफ्ट: म्हणजे वडिलांनी दुखणं सोसत बसायचं होतं का?

फिजिओ_नाशिकरोड: नाही. त्यांचा हात उचलत नव्हता, म्हणून ते केलं, बरोबरच केलं. ज्याचा हात उचलतो आणि फक्त रिपोर्ट वाईट आहे, त्याने आधी व्यायाम करावा. वय सत्तरीचं, सांधा झिजलेला आणि हात उचलतच नसेल, तर ग्राफ्टपेक्षा रिव्हर्स सांध्याचा (गोळा आणि वाटी उलटसुलट बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा) विचार करा.

गंगापूररोडकर: एवढंच कालच्या पोस्टवाल्याने लिहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. त्याने ती पोस्ट दुरुस्त करावी.