जंगल आणि क्रीडांगण एकाच उद्यानात असावे का? – 'आम्स्टरडॅमसे बॉस'च्या निमित्ताने चर्चा

धागाप्रस्ताव : पोल्डरवासी (आम्स्टलवेन)

आम्स्टरडॅमच्या दक्षिण सीमेवर 'आम्स्टरडॅमसे बॉस' (डच भाषेत 'बॉस' म्हणजे वन) नावाचे सुमारे १,००० हेक्टरांचे उद्यान आहे. त्याचा बहुतेक भाग आम्स्टलवेन नगरपालिकेच्या हद्दीत येतो, मालकी मात्र आम्स्टरडॅम महापालिकेची आहे. नोकरीनिमित्त आम्स्टलवेनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता बरीच आहे आणि देशातून कोणाचे आई-वडील आले की त्यांना एखाद्या रविवारी बॉसमध्ये नेणे हा आमच्याकडे जवळजवळ रिवाज झाला आहे. पाहुण्यांना दोन गोष्टींचे नवल वाटते. ही सारी वनराई माणसांनी लावलेली आहे, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नाही. आणि याच वनराईला लागून नौकानयनाचा सरळ जलमार्ग, हॉकीचे वाखनर स्टेडियम, क्रिकेटचे मैदान आणि घोडेस्वारीच्या वेगळ्या वाटा असूनही कोणी कोणाच्या आड येत नाही, हे पाहून तर ते दरवेळी पुण्यामुंबईचा विषय काढतात.

महापालिकेने या उद्यानाचा निर्णय १९२८ मध्ये घेतला आणि प्रत्यक्ष काम १९३४ मध्ये, महामंदीच्या काळात, बेरोजगारांना काम देण्याची योजना म्हणून सुरू झाले. सुमारे २०,००० माणसांनी वेगवेगळ्या वेळी येथे फावड्याने आणि हातगाडीने माती हलवली. आराखडा कॉर्नेलिस फान एस्टेरेन आणि याकोबा म्युल्डर या नगररचनाकारांचा. जमीन समुद्रसपाटीपेक्षा खालची, म्हणजे पोल्डरची, असल्यामुळे आधी निचऱ्याच्या नळ्यांचे जाळे जमिनीखाली घालावे लागले. नंतर लवकर वाढणारी आल्डर आणि पॉप्लर ही झाडे लावून त्यांच्या आडोशाला ओक आणि बीच वाढवले गेले आणि त्यांचा जम बसल्यावर आधीची झाडे विरळ केली गेली. 'बॉसबान' हा नौकानयनाचा जलमार्ग १९३७ मध्ये खुला झाला, तेव्हा झाडे अजून लहान होती. याचा अर्थ, येथे खेळ नंतर घुसवलेला नाही. आराखड्यात तो झाडांच्या बरोबरीने होता.

माझे म्हणणे असे की, आपल्याकडे उद्यान, मैदान आणि वन यांना तीन खात्यांच्या तीन कुंपणांत कोंडण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे तिन्हींचे नुकसान होते. पुणे आणि मुंबई या शहरांनी असे एकत्र उद्यान जाणीवपूर्वक उभारावे. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद : टेकडीवरची (पुणे)

प्रस्तावातील माहिती उद्बोधक आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. बॉस जेथे उभे आहे तेथे पूर्वी निचरा करून काढलेली सपाट पोल्डरजमीन होती. तिच्यावर जंगल रचणे म्हणजे त्या जागेला काहीतरी नवे देणे होते. पुण्यात ज्या जागेकडे बोट दाखवून असे प्रस्ताव मांडले जातात त्या जागा टेकड्या आहेत, आणि टेकडी ही रिकामी जागा नव्हे. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर बेसाल्टच्या उथळ मातीत जे गवत, जी खुरटी झुडपे आणि मधूनमधून मेडशिंगी, सालई यांसारखी झाडे दिसतात, ती त्या जागेची मूळ वस्ती आहे. चंडोल आणि तितर यांना दाट सावली नको असते, उघडा माळ हवा असतो. उन्हाळ्यात तो माळ पिवळा पडतो म्हणून त्याला 'ओसाड' ठरवून या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्पाची सरसकट लागवड झाली आणि त्या परक्या झाडाखाली गवताचा जीव गेला. हिरवे दिसते म्हणजे जंगल झाले, ही समजूत पुण्याला आधीच महागात पडली आहे.

आता त्यात क्रीडांगणाची भर घातली की काय होते, याचा विचार करू. पुण्याचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर आणि तोही प्रामुख्याने चार महिन्यांत पडणारा. आम्स्टरडॅममध्ये तो वर्षभर विभागून पडतो. तेथे हिरवळ फारशा सिंचनाशिवाय टिकते, येथे एप्रिलमध्ये टेकडीवरचे एक मैदान हिरवे ठेवायचे तर पाणी वर चढवावे लागेल. पाण्यामागून रस्ता येतो, रस्त्यामागून वाहनतळ, वाहनतळामागून खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि मग संध्याकाळच्या सामन्यांसाठी दिव्यांचे खांब. यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे 'छोटीशी सोय' म्हणूनच मंजूर होते.

प्रतिसाद : सीमारेषेबाहेर (ठाणे)

मी मुलांना क्रिकेट शिकवतो, तेव्हा माझी बाजू उघड आहे. टेकडीवरच्या ताईंचे गवताविषयीचे म्हणणे मी आदराने वाचले, परंतु त्यांच्या मांडणीत शहरातील मुलाला जागाच नाही. आमच्याकडे शाळेचे मैदान शाळेच्या नव्या इमारतीखाली गेले, गृहसंकुलाच्या मैदानात गाड्या उभ्या राहतात आणि सार्वजनिक मैदान वर्षातला मोठा भाग मंडपांखाली असते. शिवछत्रपती क्रीडा संकुलासारखी भव्य ठिकाणे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला उभी राहिली, त्यांचे मोल कमी नाही. मात्र ती निवडक खेळाडूंसाठी आहेत. चौथीतल्या मुलाने शाळा सुटल्यावर तेथे जाऊन चेंडू मारावा, अशी ती जागा नाही.

दुसरा मुद्दा अधिक कटू आहे. आपल्या शहरांत ज्या मोकळ्या जमिनीला रोजचा वापरणारा नाही ती टिकत नाही. आरे वसाहतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या लोकांत आदिवासी पाड्यांतले रहिवासी होते, विद्यार्थी होते, रोज तेथून जाणारी माणसे होती. ज्याचा त्या जागेशी रोजचा संबंध असतो तोच तिच्यासाठी भांडतो. जिथे शंभर मुले रोज खेळतात त्या जागेचा विकास आराखड्यातला आरक्षण-बदल गुपचूप करता येत नाही. कुंपण घालून 'प्रवेश निषिद्ध' लिहिलेल्या जंगलाचा मात्र सहज करता येतो.

बॉसमधल्या क्रिकेटच्या मैदानाविषयी थोडे विषयांतर करतो, कारण मोह आवरत नाही. तेथे १९९९ च्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिका विरुद्ध केनिया हा सामना झाला आणि २००६ मध्ये श्रीलंकेने नेदरलँड्सविरुद्ध ९ बाद ४४३ धावा केल्या, तो त्या वेळचा एकदिवसीय सामन्यांतला विक्रम होता. झाडांच्या कडेने इतके षटकार गेले म्हणून वनराईचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही.

प्रतिसाद : हॉकीवेडा

विषयांतर निघालेच आहे तर १९७३ च्या हॉकी विश्वचषकाचा अंतिम सामनाही आम्स्टलवेनलाच झाला होता. भारत दोन गोलांनी पुढे होता आणि बरोबरीनंतर पेनल्टी स्ट्रोकवर हरला. त्या स्टेडियमच्या परिसराबद्दल कोणी चांगले बोलले की आमच्या पिढीला थोडे टोचतेच. चालू द्या.

प्रतिसाद : लायडनकर

मी नेदरलँड्समध्येच राहतो आणि बॉसमध्ये सायकल घेऊन जाणे मलाही आवडते. तरीही प्रस्तावकर्त्यांनी चित्राचा अर्धाच भाग दाखवला आहे, असे मला वाटते. स्खिपोल विमानतळ इतका जवळ आहे की तेथील शांतता विमानांच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. सुट्टीच्या दिवशी मुख्य वाटांवर सायकली, धावणारे, कुत्री आणि बाबागाड्या यांची जी सरमिसळ होते ती पाहता 'कोणी कोणाच्या आड येत नाही' हे विधान मंगळवारच्या दुपारी खरे ठरेल, रविवारी नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे डच लोकांनी स्वतः जंगलाचा एकच नमुना मानला नाही. बॉससाठी आग्रह धरणाऱ्यांत याक. पी. टायसे हे निसर्ग-अभ्यासक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी आम्स्टरडॅम महापालिका नार्डरमीर या जुन्या पाणथळ तळ्यात शहराचा कचरा टाकायला निघाली होती, तेव्हा तिच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांतही हेच गृहस्थ अग्रभागी होते. त्या लढ्यातून १९०५ मध्ये निसर्गरक्षणाची देशव्यापी संस्था स्थापन झाली आणि १९०६ मध्ये तिने ते तळे विकत घेतले. नार्डरमीरमध्ये त्यांनी स्टेडियम मागितले नाही; जे मुळात होते ते तसेच राखण्याचा आग्रह धरला. शहराच्या वेशीवर जेथे काही नव्हते तेथे मात्र माणसांना हिंडण्या-खेळण्यासाठी नवे जंगल लावण्यास पाठिंबा दिला. आणि त्यांच्याच नावाचे टायसे उद्यान बॉसच्या शेजारी आम्स्टलवेनमध्ये १९४० पासून घडवले गेले, जेथे केवळ देशी रानवनस्पती आहेत आणि शांतपणे चालण्यापलीकडे काही करण्याची सोय ठेवलेली नाही. प्रस्तावकर्ते पाहुण्यांना तेथे नेतात की नाही, ठाऊक नाही.

प्रतिसाद : पोल्डरवासी

टायसे उद्यानात नेतो. ज्येष्ठांना तर तेच अधिक भावते. पण ते उद्यान शांत राहू शकते याचे एक कारण असे की, ज्यांना पळायचे, ओरडायचे, चेंडू मारायचा आहे त्यांच्यासाठी शेजारी हजार हेक्टर जागा आहे. ती नसती तर सगळा भार त्या चिमुकल्या उद्यानावर पडला असता.

टेकडीवरच्या ताईंना एवढेच सुचवावेसे वाटते की, तळजाईवर सदू शिंदे क्रिकेट मैदान आजही आहे आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दीही आहे. एकत्र वापर ही आता भविष्यातली भीती राहिलेली नसून चालू वस्तुस्थिती आहे. प्रश्न तो आराखड्यानुसार व्हावा की जसा जमेल तसा, एवढाच उरतो. बॉसमध्ये हॉकी आणि क्रिकेटची मैदाने शहराकडच्या काठावर आहेत, घोड्यांच्या, सायकलींच्या आणि पादचाऱ्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, चुली पेटवण्याच्या जागा नेमून दिल्या आहेत. हे सगळे नकाशावर आधी ठरले म्हणून शक्य झाले.

प्रतिसाद : मिठीकाठ (माहीम)

दोन्ही बाजू टेकड्यांवरच अडून बसल्या आहेत याचे आश्चर्य वाटते, कारण बॉसचा आपल्याकडचा खरा भाऊबंद टेकडीवर नाही. माहीम आणि धारावी यांच्या मध्ये, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तेथे पूर्वी मुंबईचा कचरा टाकला जात असे. त्या ढिगावर माती पसरून झाडे लावली गेली आणि आज आत शिरल्यावर पुढच्या झाडीपलीकडे वाहता रस्ता आहे हे विसरायला होते. येथे कोणत्याही चंडोलाचे घर मोडून जंगल लावले गेले नाही. बॉसचीही खुबी तीच होती.

म्हणून पुण्याच्या टेकड्यांना हात न लावता हा प्रस्ताव पुढे नेता येईल. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शहराच्या वेशीवर बंद पडलेल्या दगडखाणी आहेत, भरून गेलेल्या कचराभूमी आहेत, बंद कारखान्यांच्या जमिनी आहेत. कचराभूमीवर आधी वायू आणि झिरपणारे घाण पाणी यांचा बंदोबस्त करावा लागेल, त्याला वर्षे लागतील आणि पैसाही लागेल, हे मान्य. पण क्रीडांगण हवेच असेल तर त्याची जागा अशा भूमीवर, झाडांच्या मधोमध असायला माझी हरकत नाही. क्रीडांगण आणि जंगल एकत्र असावे का, याआधी कोणत्या जमिनीवर, हे विचारले पाहिजे.

प्रतिसाद : टेकडीवरची (पुणे)

मिठीकाठ यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे आणि खाणींबाबत तर आनंदाने आहे. मात्र त्यातही माझ्या काही अटी राहतील. मैदान काठावरच असावे, आतल्या भागात वाहनांना प्रवेश नसावा, हिरवळीसाठी पिण्याचे पाणी वापरू नये आणि सूर्यास्तानंतर दिवे नसावेत. वटवाघळे, घुबडे आणि रात्री फुलांवर येणारे पतंग यांच्या दृष्टीने प्रकाशझोत हा झाड तोडण्याइतकाच मोठा हस्तक्षेप आहे. आणि सीमारेषेबाहेर यांच्या 'वापरणारा तोच रक्षक' या मताबद्दल : तळजाईचे आणि वेताळ टेकडीचे प्रश्न आजवर ज्यांनी लावून धरले ते बहुतेक चालणारे, पक्षी पाहणारे आणि झाडांना पाणी घालणारे लोक आहेत. जागेवर प्रेम जडायला तेथे स्टेडियम असावे लागत नाही.

प्रतिसाद : सीमारेषेबाहेर (ठाणे)

पाण्याची आणि वाहनांची अट मान्य. प्रक्रिया केलेले सांडपाणी हिरवळीला उत्तम चालते. दिव्यांची अट मात्र मला स्वीकारता येत नाही. आमच्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नोकरदार आई-बाप सातला घरी पोचतात आणि दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येणारी पोरे तर त्याही नंतर मोकळी होतात. सूर्यास्ताला मैदान बंद केले तर ते ज्यांना दुपारी मोकळीक आहे त्यांच्यापुरतेच उरेल. खाली वळवलेले, झाकणाचे दिवे आणि रात्री नऊची मर्यादा, एवढ्यावर तडजोड करण्याची माझी तयारी आहे.

प्रतिसाद : टेकडीवरची (पुणे)

काठावरच्या मैदानासाठी आठपर्यंत, तेही पावसाळ्याचे महिने वगळून. नऊ नाही.