मदत हवी: संत ला साल यांचं पोर्ट्रेट काढून राहिलो, कॉलर अन् पोरांबद्दल विचारायचं होतं

चितारओळवाला:
नमस्कार मंडळी, गणपतीचा सीझन सोडला तर मी वर्षभर पोर्ट्रेटच करतो, बाबासाहेब, सावित्रीबाई, ताजुद्दीन बाबा, गजानन महाराज हे तर हातात बसलेत. आता सदरकडच्या एका सिस्टरनी शाळेच्या स्टाफरूमसाठी संत जॉन बाप्तिस्ट द ला साल सांगितलेत, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, दोन बाय तीन फूट, ७ एप्रिलला त्यांचा सण असतो म्हणून त्याच्या आधी पाहिजे. मी ख्रिश्चन नाही, उगाच काही चुकीचं निघायला नको म्हणून आधीच विचारून घेतो.

थोडं वाचलं. माणूस फ्रान्समधल्या रँसचा, जन्म १६५१ चा, घरचा चांगला पैसेवाला, पण गरिबांच्या पोरांसाठी फुकट शाळा चालवल्या, मास्तरलोकांना स्वतःच्या घरी आणून ठेवलं (घरच्यांना ते काही पटलं नाही, कोणाला पटेल म्हणा), अन् लॅटिनच्या आधी पोरांना त्यांच्या फ्रेंचमधूनच वाचायला शिकवलं. हे कळल्यावर कामात मन लागलं बापा.

पण रेफरन्स म्हणून हातात आहे फक्त एक खिशातलं छापील कार्ड. गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, एकदम हायकोर्टातल्या वकिलाच्या बँडसारख्या, त्या खरंच तशा असतात का छपाईत काही गडबड आहे? डोक्यामागे गोल वलय काढू का नुसता उजेड? अन् सिस्टर म्हणतात बाजूची पोरं आपल्या शाळेच्या युनिफॉर्ममध्ये दाखवा, असं चालते का?

सदरवाली:
दादा, पट्ट्या बरोबर आहेत, त्या काळी फ्रान्समधले फादर तशी कॉलर घालायचे आणि ला साल यांच्या संस्थेतल्या ब्रदरांचा तोच पोशाख झाला. ते १७१९ ला वारले, तेव्हा कॅमेरा कुठला, त्यामुळे चेहरा जुन्या पेंटिंगांवरूनच घ्यावा लागेल. खांद्यापर्यंत केस, वर छोटी काळी टोपी, दाढी नाही. १९०० मध्ये संत म्हणून जाहीर झालेत म्हणून वलय बिनधास्त काढा, बारीक सोनेरी रेघ छान दिसते.

ऑइलपेंट:
युनिफॉर्म चालतो रे भाऊ, युरोपातल्या चित्रकारांनी बायबलमधल्या लोकांना आपापल्या गावचे कपडे किती वर्षं घातले. फक्त बॅज नको काढू, शाळेनं उद्या बदलला तर पंचाईत. एक हात पोराच्या खांद्यावर अन् दुसरा वर, ही पोज त्यांच्या चित्रांत बऱ्याचदा असते. १९५० पासून ते शिक्षकांचे आश्रयदाते संत आहेत, स्टाफरूमला यापेक्षा चांगलं काय. वरून मॅट वार्निश मार, ग्लॉस मारलं तर ट्यूबलाइटमध्ये चेहराच दिसणार नाही.

चितारओळवाला:
ताई, भाऊ, खूप थँक्स. आता झगा पूर्ण काळा, त्यात चुण्या दाखवायच्या कशा? माझ्याकडून सगळं सपाट होऊन राहिलं.

ऑइलपेंट:
ट्यूबमधला काळा बाजूला ठेव. अल्ट्रामरीन (गडद निळा) अन् बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळ, चुणीच्या उजेडाच्या बाजूला निळं थोडं वाढव. अन् झगा झाल्यावरच पट्ट्यांना हात लाव.