मतांगीकार बंद करा म्हणणाऱ्यांना एक सवाल

दारव्हेकर

परवा आपल्या ग्रुपवर एका तरुण ब्रदरने टाकलं: "रविवारी मतांगीकार (आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली) म्हणणं बंद करा. लोक पोपटासारखे बोलतात. खेड्यातल्या मंडळीला सिद्धांत नको, प्रेम पाहिजे, सामर्थ्य पाहिजे." खाली आमेनची रांग. मी एक ओळ लिहिली तर मला शास्त्री-परूशी, म्हणजे नियमांवर बोट ठेवणारा ढोंगी, ठरवून मोकळे झाले. म्हणून इथं सविस्तर लिहितो. राग आला तर येऊ द्या.

मागच्या खरिपात आमच्याकडं बाहेरचा एक प्रचारक आला होता. सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग पडलेला, शेंगा भरल्याच नव्हत्या. त्यानं मंडप टाकला, बायबलातला मलाखी उघडला आणि सांगितलं, दशांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) चोरला म्हणून पीक गेलं. माझ्या चुलतभावानं रब्बीच्या बियाण्याचे पैसे काढून दिले. आता या प्रचारकाला 'प्रेमानं' काय उत्तर देणार? प्रेम तर त्याच्याकडं आपल्यापेक्षा जास्त दिसत होतं, स्टेजवर रडत होता. त्याला उत्तर योहान 9 मध्ये आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही. प्रेषित पौलानं तीनदा विनंती केली तरी त्याच्या देहातला काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला म्हणायचं का? हे ज्याला रविवारच्या शाळेत नीट शिकवलं, तो पाकीट खिशात ठेवून घरी येतो.

आणि 'प्रेम पुरे' म्हणणाऱ्यांनी पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पूर्ण वाचावं. प्रेमावरचा तेरावा अध्याय लग्नात वाचायला सगळ्यांना आवडतो. दोनच अध्याय पुढं तोच पौल म्हणतो, ख्रिस्त मेलेल्यातून उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. एकाच माणसाचं एकच पत्र. अर्ध ठेवून अर्ध टाकता येत नाही.

325 साली निकिया शहरात बिशपांच्या सभेत भांडण होतं ते हेच, की पुत्र, म्हणजे येशू, खरा देव आहे की सगळ्यात मोठी निर्मिती. एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं, पुत्र नव्हता असा काळ होता. ते खरं धरलं तर वधस्तंभावर देवानं स्वतः काही सोसलं नाही, दुसऱ्या कोणाला पाठवून दिलं. 2025 मध्ये त्या सभेला 1700 वर्षं झाली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यावर एक वाक्य झालं नाही, पण नव्या साउंड बॉक्ससाठी स्पेशल अर्पण झालं.

दर्यापूरवाली

दारव्हेकर दादा, तुम्ही चांगलं लिहिता. आता माझं ऐका.

माझ्या बाबांनी फवारणीचं औषध घेतलं होतं. कर्ज, दुसरं काय. दुपारपासून ते अंगणात होते. आमच्या मंडळीचे वडीलधारे आले, सगळ्यांना मतांगीकार पाठ. आणि अंगणात उभं राहून चर्चा काय, तर जीव दिलेल्या माणसाला देवाकडं मुक्ती मिळते का, त्याला चर्चमध्ये न्यायचं का, उपासना पूर्ण करायची की नुसती प्रार्थना. आई आत ऐकत होती. शेजारच्या गावातून त्या 'फेलोशिप'ची माणसं आली, ज्यांना तुम्ही मंडपवाले म्हणता. त्यांनी पिठलं-भाकरीचे डबे आणले, बाबांना आंघोळ घातली आणि उचललं. त्यातल्या एकालाही निकिया माहीत नसेल.

कोणी सिद्धांत शिकवायला आला की मी एवढंच विचारते, खांदा देशील का?

दारव्हेकर

ताई, फार वाईट झालं. पण त्या वडीलधाऱ्यांनी सिद्धांत पाळला नाही, मोडला. मतांगीकारात 'पापांची क्षमा' दर रविवारी म्हणतात ना ते?

दर्यापूरवाली

म्हणजे चांगलं घडलं तर सिद्धांतामुळं, वाईट घडलं तर सिद्धांत मोडल्यामुळं. सोयीचं आहे. याकोब 2:19 पण वाचा. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. भुतांचा सिद्धांत आपल्या कमिटीपेक्षा पक्का असेल.

हार्मोनियमवाला

दोघंही मुद्दा सोडून बोलताय. आमच्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिला अवतार, प्रायश्चित्त, पुनरुत्थान सगळं कळत होतं, कारण ती ना. वा. टिळकांची भजनं गात होती. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी भजन-कीर्तनात सुवार्ता आणली, ते उगाच नाही. आता कीबोर्ड आला. हिंदीवरून उचललेली एक ओळ, वीस वेळा. पोरं डोळे मिटून हात वर करतात. विचारा कशासाठी, तर "अभिषेक येतो", म्हणजे पवित्र आत्मा उतरतो. पेटी चर्चच्या मागच्या खोलीत पडून आहे, भात्याला उंदरांनी भोकं पाडली. मी तीनदा सांगितलं दुरुस्तीला द्या.

अचलपूर_कॅम्प

आला कीबोर्ड! धागा कुठलाही असो, काकांची पेटी निघतेच.

हार्मोनियमवाला

पेटी निघत नाही ना, तेच तर दुःख आहे.

पुसदचा पाव्हणा

ते सगळं ठीक हाय. मले एक सांगा. आमच्या गावातले तीन घरं धरणावर गेले अन् दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेऊन आले. तोही 'फक्त येशूच्या नावानं', पिता अन् पवित्र आत्मा म्हणायचंच नाही. तवापासून मंडळीत येनं बंद, वर्गणी बंद, वरून आमाले म्हणतात तुमचा बाप्तिस्मा म्हंजे पाणी शिंपडनं. आता त्यायची आजी गेली सकाळी, तं आले दारात, मिशनच्या दफनभूमीत जागा द्या. काहून द्यावं?

अचलपूर_कॅम्प

देऊ नका. जिथं बाप्तिस्मा घेतला तिथंच जागा मागा म्हणावं, धरणात.

वर्ध्याचा वकील

हे फारच झालं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला 'उत्तर भारताची मंडळी' (सी.एन.आय.) हे एकत्रित चर्च झालं, तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रेदरेन होते. कोणी बाळांना बाप्तिस्मा देणारे, कोणी फक्त मोठ्यांना. दोन्ही पद्धती मान्य करून एका छताखाली आले. त्यांनी ते जिवंतपणी जमवलं, तुम्हाला कबरीत जमत नाही?

दारव्हेकर

वकीलसाहेब, मुद्दा गोल करू नका. त्या सहाही मंडळ्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा देत होत्या. प्रश्न होता पाणी किती आणि वय किती. धरणावरचा प्रश्न आहे देव कोण. एकात तडजोड होते, दुसऱ्यात होत नाही. शिवाय निकियाच्या नावानं आपण म्हणतो त्या मतांगीकारात 'एकच बाप्तिस्मा' म्हटलंय. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव हजर नव्हता असं म्हणणं.

वर्ध्याचा वकील

निकियाची सभा सम्राट कॉन्स्टंटाइननं बोलावली होती. राजाच्या सभेत ठरलेलं आमच्या दफनभूमीला लावताय.

दारव्हेकर

राजाचंच चाललं असतं तर एरियसच्या विरोधात उभ्या राहिलेल्या बिशप अथनासियसला पाच वेळा हद्दपार का व्हावं लागलं असतं? पुढचे राजे एरियसवाल्यांकडं झुकले, हा माणूस झुकला नाही. अर्धा इतिहास मोबाइलवर वाचला की असं होतं.

वर्ध्याचा वकील

भाषा सांभाळा. मी संडे स्कूल शिकवलंय, तुम्ही चड्डीत फिरत होता तेव्हा.

पुसदचा पाव्हणा

भांडा तुमी. इथं मयत पडून हाय.

दर्यापूरवाली

पुसदचे भाऊ, आजी पण धरणावर गेली होती का?

पुसदचा पाव्हणा

नाही ना बाप्पा. तिले चालता कुठं येत होतं. खाटेवरच होती. ती आपल्याच मंडळीची, लहानपणीचा बाप्तिस्मा मिशनच्या रजिस्टरात हाय.

दर्यापूरवाली

मग? नातवांच्या सिद्धांतावर आजीची कबर ठरवणार? दारव्हेकर दादा, तुम्हीच वर लिहिलंय ना, याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही? आज नातवाचं पाप आजीवर टाकताय. त्या प्रचारकात आणि तुमच्यात फरक काय राहिला?

दारव्हेकर

मी जागा देऊ नका असं कुठं लिहिलं? वर जाऊन वाचा. मी बाप्तिस्म्याबद्दल लिहिलं. आजीला जागा द्यायलाच पाहिजे, त्यात वाद काय आहे?

दर्यापूरवाली

वाद होता म्हणूनच तर मयत पडून राहिली. पण ठीक, दिली म्हणालात ते पुष्कळ झालं.

अचलपूर_कॅम्प

आजीला द्या. नातवांना कबरीवर त्यांची प्रार्थना करू देऊ नका, नाहीतर उद्या प्रत्येक जण मागेल.

हार्मोनियमवाला

आणि कीबोर्ड लावू देऊ नका.

नवी_पिढी_यवतमाळ

ती पोस्ट माझी होती. इतके शब्द माझ्यावर खर्च झाले, धन्यवाद. मला शास्त्र नको असं मी म्हटलं नव्हतं. आमच्या गावात पास्टर महिन्यातून एकदा येतात, त्यांच्याकडं आणखी गावं आहेत. बाकीचे रविवार आम्हीच चालवतो. मतांगीकारात पंतय पिलाताचं नाव का आहे, हे मी विचारलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितलं, प्रश्न विचारू नको, म्हण. मग पोपट नाही तर काय? यवतमाळात 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती 1983 ला पुण्याला गेली. तुमच्या पिढीला शिकवणारे दारात होते. आम्हाला यूट्यूब आहे, आणि तिथं तुमचा तो मोझॅकवाला प्रचारकच सगळ्यात वर येतो.

दारव्हेकर

हे तू पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी इतकं लिहिलंच नसतं. 'बंद करा' आणि 'शिकवा' यात फरक आहे. पिलाताचं नाव आहे कारण हे कथापुराण नाही, एका रोमी सुभेदाराच्या कारकिर्दीत, यरुशलेमात, खऱ्या माणसाचं मरण झालं. हे दोन मिनिटात सांगता येतं. तुझ्या वडीलधाऱ्यांना येत नसेल तर तो त्यांचा दोष.

नवी_पिढी_यवतमाळ

मग या ना शिकवायला. मंगळवारी संध्याकाळी. भाडं देऊ शकत नाही, जेवण देऊ.

दारव्हेकर

तूर काढणीला आली आहे. बघतो.

दर्यापूरवाली

😀 धाग्यात 1700 वर्षं मागं जाता येतं, मंगळवारी दुसऱ्या गावाला जाता येत नाही.

दारव्हेकर

ताई, आता टोमणे पुरे. येतो म्हटलं. पण कीबोर्ड बंद ठेवून.

पुसदचा पाव्हणा

झालं सगळं. आजीले जागा भेटली, पास्टरनं पूर्ण उपासना घेतली, नातू बी गपचूप उभे होते. फक्त कमिटीनं आधी मागची थकलेली वर्गणी भरून घेतली, पावती फाडली तवा फाटकाचं कुलूप काढलं.

वर्ध्याचा वकील

हे कोणत्या मतांगीकारात आहे, दारव्हेकर?

दारव्हेकर

कोणत्याच नाही. कमिटीचा फोन नंबर पाठवा मला, पर्सनलवर.